भिडेचे गुणदान

अनोळखी माणसाला चार दिवस घर भाड्याने द्यावयाचे आणि अनोळखी घरात निर्धास्त झोपावयाचे, तर विश्वासाचे काही तारण लागते. 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबी कंपनीने हे तारण अभिप्रायांत शोधले. पाहुण्याने घराला पाचांपैकी तारे द्यावेत, यजमानाने पाहुण्याच्या वर्तनाविषयी लिहावे, अशी ही योजना. तत्त्वतः ती न्याय्य आहे. व्यवहारात मात्र हे गुणदान सत्यापेक्षा भिडेलाच अधिक धरून चालते.

बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली सहा लाखांहून अधिक घरांचे गुण तपासले. सुमारे 95 टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे निघाली. ट्रिपॲडव्हायझरवरील हॉटेलांची सरासरी मात्र 3.8 होती. शंभरांपैकी पंच्याण्णव विद्यार्थी ज्या वर्गात पहिले येतात, तेथे विद्यार्थ्यांच्या हुशारीपेक्षा परीक्षकाच्या सैल हाताचीच शंका येते.

याची कारणे मनुष्यस्वभावात आहेत. हॉटेलला नावे ठेवणे सोपे. ज्याच्या स्वयंपाकघरात चहा करून घेतला, त्याच्याविषयी कटू लिहिणे जड जाते. शिवाय यजमान उलट काय लिहील, ही धास्ती असतेच. ती दूर व्हावी म्हणून 2014 पासून दोघांनी लिहिल्यावर अथवा चौदा दिवसांची मुदत संपल्यावरच अभिप्राय उघड करण्याचा नियम झाला. त्यामुळे सूडाची लेखी फेड कमी झाली. सरासरी गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. धास्ती ओसरली तरी भीड उरली. त्यात ‘सुपरहोस्ट’ या बिरुदासाठी 4.8 ची सरासरी लागते. तेव्हा प्रामाणिकपणे चार तारे देणारा पाहुणा यजमानास नकळत शिक्षाच करतो.

म्हणून अभिप्राय निरर्थक आहेत काय? तसे मुळीच नव्हे. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत केलेल्या प्रयोगात, कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्या पाहुण्यांची विनंती मान्य होण्याचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांनी कमी आढळले. हा निबंध 2017 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनात, पाहुण्याच्या नावे एक चांगला अभिप्राय असला तरी हा भेद जवळजवळ नाहीसा होतो, असे दिसले. माणसाच्या वर्तनाची साक्ष पूर्वग्रहाला उत्तर देऊ शकते. तिचे मोल येथे आहे.

परंतु माणूस सभ्य आहे, एवढ्याने घर सुरक्षित ठरत नाही. भिंतीतील विजेच्या तारा पाहुण्याला दिसत नाहीत. आग लागल्यावर बाहेर पडावयाचा मार्ग तो क्वचितच तपासतो. आणि रात्रीच्या गोंगाटाने ज्याची झोप उडते, त्या शेजाऱ्याला एकही तारा देता येत नाही. दोघांच्या सौद्यात तिसऱ्याला मतच नाही. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर 2023 पासून अशा यजमानांच्या नोंदणीची सक्ती अंमलात आणली. भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 साली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले, पण त्याचा मुख्य रोख बनावट अभिप्रायांवर आहे. भिडेपोटी लिहिलेला अभिप्राय बनावट नसतो. तो केवळ अपुरा असतो.

तेव्हा वर्तनाची साक्ष पाहुण्याने आणि यजमानाने द्यावी. सुरक्षिततेची हमी मात्र नोंदणी आणि तपासणी करून शासनानेच द्यावयास हवी. नागरिकांच्या सौजन्यावर हे कर्तव्य सोपवून मोकळे होण्याचा अधिकार कोणत्याही नगरपालिकेला नाही.