फ्रॉड एक्स्पर्ट ठेवायचा का? आधी सांगा, तुमचा माल मोजून कोण घेतं?

ट्रेनिंगमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, धंद्यात फसवणूक होऊ नये म्हणून एखादा फ्रॉड एक्स्पर्ट ठेवावा का?"

माझं मत सरळ आहे. छोट्या धंद्याने पगारावर ठेवू नये. पण गरज पडली की दोन-चार दिवसांसाठी जरूर बोलवावा, आणि वेळेत बोलवावा. मी उशीर केला होता.

माझ्या किराणा दुकानात महिनाअखेरीला स्टॉक जुळेना. तेलाचे डबे दर वेळी कमी. माझा संशय काउंटरवरच्या मुलावर गेला. तोंडाने काही बोललो नाही, पण गोडाऊनची चावी काढून घेतली. तो काय समजायचं ते समजला. आठवड्यात काम सोडून गेला.

तूट मात्र तशीच!

मग माझ्या सीएंनी ओळखीचे एक निवृत्त ऑडिटर पाठवले. दोन दिवस त्यांनी फक्त खरेदीची बिलं आणि विक्री बघितली. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा स्वतः उभं राहून डबे मोजले. बिलावर बारा, उतरले अकरा. आम्ही कधी मोजतच नव्हतो, बिलावर सही करून मोकळे! मी त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण कामावर परत आला नाही.

म्हणून सांगतो, तज्ज्ञाची फी चोर सापडला म्हणून वसूल होतेच, पण त्याहून जास्त वसूल होते ती निर्दोष माणसावर आळ येत नाही म्हणून.

आता दुसरी बाजू. रोजची राखण कुठलाही तज्ज्ञ करणार नाही, ती तुम्हालाच करायची आहे.

१. माल उतरवून घेणं, बिल तपासणं आणि पैसे देणं ही कामं एकाच हातात नकोत. माणसं कमी असतील तर निदान पेमेंट स्वतः करा.

२. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही. खात्यात पैसे दिसले तरच माल द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला, तर तुमचेच पैसे जाणार आहेत. सकाळी आपला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव बघा, वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असू शकतं.

३. नव्या सप्लायरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे का ते बघा. दर महिन्याला खरेदी जीएसटीआर-२बी शी जुळवा. बिल तिथे दिसलं नाही तर तुमचं इनपुट क्रेडिट अडकतं.

४. "आमचा खाते नंबर बदलला" असा मेसेज आला, तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मगच पैसे पाठवा.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला, लगेच दुसरा बँकेला. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. "आगाऊ फी द्या, पैसे परत मिळवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तिथे माणूस दुसऱ्यांदा फसतो.

मग तज्ज्ञ कधी बोलवायचा? हे सगळं करूनही सलग दोन महिने तूट राहिली, किंवा भागीदारांत हिशोबावरून संशय सुरू झाला, तर. आधी आपल्या सीएंना विचारा. येणाऱ्या माणसाची पात्रता तपासा. काम काय, दिवस किती, फी किती हे लेखी घ्या. गोपनीयतेचं कलम घाला. कागद दाखवा, स्टेटमेंट द्या, पण पिन, ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड देऊ नका. राखणदारावरही नजर हवीच.

आणि त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणाकडेही बोट दाखवू नका. तेलाचा डबा गेला तर दुसरा आणता येतो. विश्वासाचा माणूस गेला की तो परत येईलच असं नाही.

आज दुकान बंद करण्याआधी एकच काम करा. उद्या येणारा माल कोण मोजणार, त्याचं नाव वहीत लिहा.