स्मृतिभ्रंशाची चाहूल पावलांतून. आभासी वास्तव आणि जबलपूरपुढील प्रश्न

आजचा वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा केल्यास किती उरतात? स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची सुरुवात सर्वसाधारणपणे अशा प्रश्नांनी होते. परंतु जी व्यक्ती कधी शाळेत गेलेली नाही, किंवा जिची घरची भाषा डॉक्टरांच्या भाषेहून वेगळी आहे, तिचे चुकलेले उत्तर आजाराचे लक्षण मानायचे की शिक्षणाच्या अभावाचे, हा पेच भारतीय वैद्यकापुढे जुनाच आहे. माणसाच्या चालण्यातील आणि वाट शोधण्यातील बदल आभासी वास्तव तंत्रज्ञानाच्या साहाय्याने मोजण्याचे जे प्रयोग अलीकडे झाले, त्यांचे महत्त्व या पेचाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात हा पेच ठळकपणे दिसतो. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाडी कारखाना, त्यानंतरची खमरिया येथील आयुध निर्माणी, वाहन कारखाना आणि रेल्वे यांमुळे अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. भोसल्यांच्या राजवटीपासून येथे मराठी भाषकांचीही वस्ती आहे. शेजारच्या मंडला आणि दिंडोरी जिल्ह्यांत गोंड समाज मोठ्या संख्येने राहतो. रुग्णालयातील व्यवहार मात्र मुख्यतः हिंदीत चालतो.

देशव्यापी पाहणीवर आधारित आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. शालेय शिक्षणाची संधी ज्यांना कमी मिळाली, त्याच वर्गात आजाराचा भार जास्त आहे आणि लेखी स्वरूपाची चाचणीही त्यांच्याच बाबतीत कमी भरवशाची ठरते.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. हरियाणातील बल्लभगढ येथील संशोधनातून १९९५ साली प्रचलित चाचणीचे हिंदी रूप तयार झाले. वाक्य लिहून दाखवण्याऐवजी बोलून दाखवणे, लिखित सूचना वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करणे, असे बदल त्यात करण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांसाठी चाचण्यांचा प्रमाणित संच विकसित केला. त्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती आणि गोंडीही नव्हती.

या पार्श्वभूमीवर केंब्रिज येथील संशोधन उल्लेखनीय ठरते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांना सर्वप्रथम इजा पोहोचते, त्यांत एंटोरायनल कॉर्टेक्सचा समावेश होतो. आपण किती पावले चाललो, कोणत्या बाजूला वळलो याचा हिशेब ठेवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. तेथील दिशादर्शक पेशींच्या शोधासाठी मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना, जॉन ओ’कीफ यांच्यासमवेत, २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सौम्य विस्मरणाची तक्रार असलेले ४५ रुग्ण आणि ४१ निरोगी व्यक्ती सहभागी झाल्या. डोळ्यांवर आभासी वास्तवाचे उपकरण लावून त्यांना प्रत्यक्ष चालण्यास सांगण्यात आले. एकामागून एक दिसणाऱ्या तीन खुणांपर्यंत जायचे आणि खुणा नाहीशा झाल्यावर केवळ स्मरणाने पहिल्या खुणेच्या जागी परतायचे, एवढीच कसोटी होती. रुग्णांच्या चुका निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक होत्या; ज्यांच्या मेरुद्रवात अल्झायमरची लक्षणे आढळली, त्यांच्या चुका त्याहूनही अधिक होत्या. आजाराच्या प्रारंभीच्या टप्प्यातील व्यक्ती आपण घेतलेले वळण प्रत्यक्षापेक्षा मोठे समजतात, असे लंडनमधील संशोधकांना २०२३ साली आढळले.

या कसोटीत वाचावे लागत नाही, लिहावे लागत नाही आणि उत्तरही शब्दांत द्यावे लागत नाही. त्यामुळे ती केंब्रिजपेक्षा जबलपूरला अधिक उपयोगाची ठरू शकते. मात्र ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. मोतीबिंदू, गुडघेदुखी, तोल जाण्याची भीती आणि उपकरणामुळे येणारी भोवळ यांचा परिणाम चालण्यावर होतो. ज्याने पडद्यावरील खेळ कधी पाहिलेला नाही, त्याला आभासी मैदान गोंधळात टाकू शकते. म्हणूनच निरोगी गोंड शेतकरी किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला मराठी कामगार या कसोटीत किती चुकतो, हे आधी मोजावे लागेल. असे स्थानिक प्रमाण निश्चित न झाल्यास शिक्षणाच्या अभावाची जागा केवळ यंत्राचा अपरिचय घेईल.

पावलांची भाषा समजून घेण्यास नेहमीच महागडे उपकरण लागते, असेही नाही. चालण्याचा मंदावलेला वेग आणि स्मरणाविषयीची तक्रार या दोहोंच्या आधारे स्मृतिभ्रंशाचा धोका ओळखण्याची पद्धत डॉ. जो वर्गीस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडली. तिला घड्याळ आणि मोजलेले अंतर पुरते. त्यांच्या संशोधनाचे काही काम केरळमधील कोझिकोड येथेही झाले आहे. प्राथमिक केंद्रात अशी साधी चाचणी आणि संशयित रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयात आभासी वास्तवाची चाचणी, अशी विभागणी व्यवहार्य ठरू शकेल.

जबलपूरला वैद्यकीय महाविद्यालय, माहिती तंत्रज्ञान व अभिकल्पनाची राष्ट्रीय संस्था आणि जनजाती आरोग्य संशोधन संस्था या तिन्ही एकाच शहरात आहेत. असे स्थानिक प्रमाण ठरवण्यासाठी लागणारे वैद्यकीय, तांत्रिक आणि सामाजिक ज्ञान त्यांच्या एकत्रित प्रयत्नांतून उपलब्ध होऊ शकते.

लवकर निदान झाले तरी अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, हे खरे. तथापि, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचे विकार यांमुळे झालेले विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष यांसारख्या १४ घटकांना आवर घातल्यास स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येतील, असा अंदाज लॅन्सेट आयोगाने २०२४ साली वर्तवला. नेहमीच्या बाजारातून परतताना आजोबांची वाट चुकू लागली, तर घरची मंडळी बहुधा ते वयाचे लक्षण मानतात. त्या चुकलेल्या वळणाची वैद्यकीय दखल घेतली जाणे आणि तपासणीनंतर त्या कुटुंबाला जवळच आधार मिळणे, या दोन गोष्टींवरच नव्या तंत्राची उपयुक्तता अवलंबून राहील.