अटकेनंतरचे अंदाज आणि न्यायालयाचा निकाल

मुंबई, प्रतिनिधी - मढपासून मालाडपर्यंतच्या पट्ट्यात चित्रीकरणाचे बंगले आहेत आणि मालिकांत नशीब आजमावणाऱ्यांची भाड्याची घरेही. येथील गुन्ह्याची चर्चा शहरभर व्हायला वेळ लागत नाही. नीरज ग्रोव्हर हत्याप्रकरण त्याचे ठळक उदाहरण ठरावे.

मालाडमध्ये मे २००८मध्ये घडलेल्या या हत्येप्रकरणी अभिनेत्री मारिया सुसाईराज आणि नौदल अधिकारी एमिल जेरोम यांना अटक झाली. तपासातील तपशील बाहेर येताच लोकांनी दोघांनाही खुनी ठरवून टाकले. जन्मठेप की फाशी, एवढाच काय तो वाद उरला.

सत्र न्यायालयाने ३० जून २०११ रोजी वेगळाच निष्कर्ष काढला. जेरोमला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षे, तर मारियाला केवळ पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. तेवढा काळ कोठडीत गेल्याने ती लगेच सुटली आणि संताप उसळला.

निकालावर टीका जरूर व्हावी. मात्र पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हा नियम जुन्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. खुनाच्या आरोपात नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्यास आरोपी जामिनाचा हक्कदार ठरतो. म्हणूनच अटकेनंतर लक्ष ठेवायचे ते आरोपपत्रावर आणि साक्षीपुराव्यावर. अंदाजांनी वाढवलेल्या अपेक्षांचा भंग होतो, तेव्हा सर्वाधिक यातना मृताच्या आप्तांच्याच वाट्याला येतात.