समुद्रापलीकडची दडवणूक आणि दाव्याची मुदत

१७६० च्या एप्रिलमध्ये सुमात्रा बेटावरील बेंकुलेनचा फोर्ट मार्लबरो हा ईस्ट इंडिया कंपनीचा किल्ला फ्रेंचांनी जिंकला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये, हा किल्ला युरोपीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई देणाऱ्या विम्यावर सही झाली. बातमी अजून जहाजातच होती! विम्याची मुदत मागील ऑक्टोबरपासून धरलेली होती. तो उतरवला होता किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याच्यासाठी त्याच्या भावाने, आणि जोखीम पत्करली होती चार्ल्स बोएम याने.

बोएमने पैसे देण्यास नकार दिला. किल्ल्याचा दुबळेपणा आणि फ्रेंच स्वारीची शक्यता गव्हर्नरने दडवली, असा त्याचा आक्षेप होता. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी जे तत्त्व मांडले, ते आजही विमा कायद्याचा पाया मानले जाते : केवळ स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट लपवून दुसऱ्याला करारात ओढणे सद्भावाला धरून नाही. मात्र त्याच निकालाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. मॅन्सफिल्ड यांनी कौल दिला तो कार्टरच्या बाजूने. युरोपातील युद्धाच्या हालचाली लंडनमध्ये बसलेल्या विमेकऱ्याला सुमात्रातील गव्हर्नरपेक्षा अधिक चांगल्या कळू शकत होत्या, आणि किल्ल्याच्या अवस्थेची चौकशी न करताच त्याने पैसे घेतले होते. कोणाला काय कळू शकत होते, हा त्या निवाड्याचा गाभा होय.

हाच प्रश्न मुदतीच्या कायद्यातही दडलेला आहे. इंग्लंडच्या १६२३ च्या कायद्याने करारावरील बहुतेक दाव्यांना सहा वर्षांची मर्यादा घातली. त्यामागचा हेतू रास्त होता. साक्षीदार मरतात, वह्या कुजतात, प्रामाणिक माणसालाही वीस वर्षांपूर्वीचा व्यवहार सिद्ध करता येत नाही. पण फसवणारा सहा वर्षे गप्प राहिला तर? बनावट गहाणखताच्या एका खटल्यात १७८१ मध्ये मॅन्सफिल्ड यांनीच म्हटले की, काही प्रकरणे कपटामुळे मुदतीच्या बाहेर काढता येतील. त्या वादीला मात्र लाभ झाला नाही. खत देणाऱ्याला त्याचा खोटेपणा ठाऊक होता, असे त्याने म्हटलेच नव्हते.

आता मुंबई. १६२३ च्या कायद्यात ‘समुद्रापलीकडे’ असलेल्या वादीला सवलत होती. १७०५ च्या कायद्याने समुद्रापलीकडील प्रतिवादीविरुद्धही मुदत थांबवली. हा इंग्रजी कायदा मुंबईच्या सुप्रीम कोर्टातील हिंदी पक्षकारांना लागू होतो काय, आणि ‘समुद्र’ म्हणजे खरोखरच समुद्र काय, हा वाद रखमाबाई विरुद्ध लल्लूभाई मोतीचंद या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. (पुढे गाजलेल्या डॉ. रखमाबाईंशी याचा संबंध नाही.) १८५२ च्या निवाड्यानुसार कायदा लागू ठरला आणि ‘समुद्रापलीकडे’ म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेर, असा अर्थ लावला गेला. बेटावर जन्मलेला शब्द हिंदुस्थानच्या भूसीमांना असा जुळवून घेतला गेला, हे उत्तमच झाले. खाऱ्या पाण्यापेक्षा न्यायालयाच्या हुकमाची पोच महत्त्वाची असते.

भारताच्या १९६३ च्या मुदत अधिनियमात हे दोन्ही धागे टिकून आहेत. कलम १५ प्रतिवादी देशाबाहेर असलेला काळ वगळते. कलम १७ नुसार कपट उघड होईपर्यंत, किंवा वाजवी तत्परतेने ते उघड करता आले असते त्या क्षणापर्यंत, मुदत सुरूच होत नाही. दडवलेल्या दस्तऐवजाच्या बाबतीत, तो हजर करण्याचे वा हजर करायला लावण्याचे साधन वादीच्या हाती येईपर्यंत घड्याळ थांबते.

खरी अडचण ‘वाजवी तत्परता’ या दोन शब्दांत आहे. परदेशी आडत्याच्या वह्या परक्या शहरातील पेढीत असतात, हिशेब तोच लिहितो आणि तोच पाठवतो. अशा वेळी मुंबईच्या व्यापाऱ्याला ‘आधीच विचारायला हवे होते’ असे सुनावणे म्हणजे बोएमला लावलेली कसोटी भलत्याच माणसाला लावणे होय. बोएमला विचारता येत होते, आणि उत्तर मिळाले असते. जो मुद्दाम खोटे हिशेब धाडतो, त्याला विचारून मिळते ते आणखी एक खोटे उत्तर. म्हणून तत्परता जोखताना वादीने किती प्रश्न विचारले यापेक्षा, खरे उत्तर मिळण्याची वाट त्याला कधी मोकळी झाली, हे न्यायालयांनी आधी तपासावे. आणि वाट मोकळी झाल्यावरही जो स्वस्थ बसला, त्याला सवलत देऊ नये.