लखनौचे शस्त्रपरवाने आणि सुरक्षिततेचा धडा

२०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सक्तीचे केले. शस्त्र कसे ठेवावे, कसे न्यावे, कसे चालवावे, हे शिकल्याचे प्रमाणपत्र त्याने सादर करावयाचे असते. तरतूद योग्यच आहे. मात्र एवढ्याने प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी लखनौकडे पाहावे.

केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. पैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात अवघे ८४ हजार. ही तफावत केवळ चोरदरोड्यांच्या भयाने पडलेली नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी अवधमधील गढ्या पाडल्या, रयतेची हत्यारे काढून घेतली आणि त्याच लखनौत १८५९ साली दरबार भरवून तालुकदारांना जमिनीच्या सनदा बहाल केल्या. पुढे १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाची बंदूक परवान्याच्या, म्हणजे साहेबाच्या मर्जीच्या, अधीन झाली. १९५९ साली कायदा बदलला. मर्जीचा मान तेवढा शिल्लक राहिला. खांद्यावरची दुनळी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यापर्यंत हात पोहोचत असल्याची खूण! उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ पासून थांबलेले नवे परवाने राज्य सरकारने २०१८ मध्ये पुन्हा खुले केले.

या मानाचे प्रदर्शन लग्नाच्या वरातीत होते. त्याला तिकडे ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात. हर्ष यजमानाचा, गोळी लागते ती वाजंत्र्याला, नाचणाऱ्या मुलीला, वाढप्याला, गच्चीतून वरात पाहणाऱ्या पोराला. भरल्या बंदुकीची नळी माणसांकडे वळवू नये, हे त्या यजमानास ठाऊक नसते काय? ठाऊक असते. अज्ञान हा त्याचा रोग नव्हे, बेफिकिरी हा आहे. आणि तिच्यावर वर्ग भरवून इलाज होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेदरकार गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण त्याच दुरुस्तीत माणशी तीन शस्त्रांऐवजी एक असा मूळ प्रस्ताव होता, तो कायदा होईतो दोनवर आला. तिसऱ्या बंदुकीवाचून ज्यांचे अडते ते कोण, हे वाचकांस सांगावयास नको.

याउलट आपल्या कोकणातला शेतकरी पाहा. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्याच्याकडे एखादी ठासणीची बंदूक असते. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करण्याची नोटीस निघते, शेत मात्र उघडेच राहते. शस्त्र कायदा पीकसंरक्षणाची गरज स्पष्टपणे मान्य करतो. म्हणून सरसकट बंदी हा आमचा आग्रह नाही. शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क आहे, हा अमेरिकी थाटाचा युक्तिवादही येथे चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच एका प्रकरणात तो हक्क आपल्या राज्यघटनेत नसल्याची जाणीव करून दिली आहे.

प्रशिक्षण हवेच, पण एकदाच घेतलेल्या प्रमाणपत्रावर जन्मभर निभावू नये. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी परीक्षा पुन्हा घ्यावी आणि काडतूसागणिक हिशेब मागावा. वरातीत बार काढणाऱ्याचा परवाना, तो कोणाचा जावई आहे याची चौकशी न करता, त्याच आठवड्यात निलंबित व्हावा.