मुंज्याची जात कुणी विचारली?



'मुंज्या' ७ जून २०२४ ला टॉकीजमध्ये लागला. मोठा नट नाही, इतर हिंदी सिनेमांच्या मानाने खर्च कमी, तरी कमाई शंभर कोटींच्या पुढे. ऑगस्टअखेर तो टीव्हीवर आणि हॉटस्टारवर आला, आणि आपल्या लाखांदूर-पवनीच्या खेड्यांत खऱ्या अर्थाने तेव्हाच पोचला. टॉकीजमधला माणूस हसतो आणि घरी येतो. घरातल्या मोबाइलवर मात्र लहान पोरं तेच भूत पाच-पाच वेळा पाहतात आणि शेजारी बसलेली आजी सांगते, "खरंच असते बापा." म्हणून या सिनेमावर बोलणं भाग आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. मुंज्या होतो कोण? मुंज झाल्या झाल्या मेलेला मुलगा. धर्मशास्त्राने उपनयनाचा अधिकार शूद्र-अतिशूद्रांना दिला नाही, बाईलाही दिला नाही. ज्याची मुंजच होत नाही, तो मुंज्या कसा होणार? म्हणजे मेल्यावर कोणतं भूत व्हायचं, हेसुद्धा या देशात वर्णाने ठरतं. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. जिवंतपणी तिला दवाखाना मिळाला नाही, मेल्यावर बदनामी तेवढी मिळाली. सिनेमा १९५२ च्या कोकणात सुरू होतो, राज्यघटना लागू होऊन दोन वर्षं झालेली. गोट्या नावाचा मुलगा आपल्याहून मोठ्या मुलीच्या हट्टापायी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. पण मुंजीचा अधिकार कुणाला होता, हा प्रश्न कथेला पडत नाही.

लोकसमजुतीत मुंज्याचं घर पिंपळावर. सिद्धार्थ गौतमाला संबोधी मिळाली ती याच झाडाखाली. आपल्या विहाराच्या अंगणात आपण बोधिवृक्ष लावतो, आणि आपलीच पोरं रात्री त्याच्या सावलीला भितात. भीती कुठपर्यंत शिरली आहे, हे यावरून समजा.

"करमणूक आहे हो, कॉमेडी आहे," असं आपलेच काही मित्र म्हणतात. सिनेमात मांत्रिकाची टिंगल आहे, हे मान्य. पण शेवटी भूत खरंच निघतं आणि मांत्रिकाचा धंदा खरा ठरतो. आता आपल्या शेजारी पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. १ मे २०२४ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारलं. 'मुंज्या' पडद्यावर यायला तेव्हा पाच-सहा आठवडे होते. मुंबईत जे भूत विनोद म्हणून खपतं, त्याची किंमत झाडीपट्टीत दलित-आदिवासी माणूस जिवाने मोजतो.

याच दिग्दर्शकाचा, आदित्य सरपोतदारांचा, 'थामा' २०२५ च्या दिवाळीत आला. ही रक्त पिणाऱ्या बेताळांची कॉमेडी. त्यातले बेताळ फाळणीचा हिंसाचार पाहून माणसाचं रक्त प्यायचं सोडतात. कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी १९४७ पर्यंत जायची गरज काय? २९ सप्टेंबर २००६ ला आपल्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. मारणारे भूत नव्हते, शेजारी होते. २००८ साली सत्र न्यायालयात आणि २०१० साली उच्च न्यायालयात शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. भुताची जात पडद्यावर दिसत नाही, खुनातली जात निकालात दिसत नाही. न पाहण्याची सवय दोन्हीकडे एकच.

मग बंदी मागायची का? नाही. बंदीने सिनेमा मोठा होतो आणि भीती आहे तिथेच राहते. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारायला लावलं. पिंड कशासाठी देतात? मेलेला अतृप्त राहू नये म्हणून. बुद्धाने आत्माच नाकारला, तर अतृप्त राहणार कोण? धम्म घेतलेल्या घरात भुताची भीती उरत असेल, तर आपलं धर्मांतर अर्धंच झालं आहे.

म्हणून गावोगावच्या मंडळांनी विहारात हा सिनेमा लावावा, पोरांसोबत पाहावा आणि लगेच चर्चा घ्यावी. कुणाची मुंज होते, हे विचारा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून दाखवा. नरबळी त्यात गुन्हा आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हाही गुन्हा आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावला की आजही आधी मांत्रिकाचं दार ठोठावलं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर हा कायदा आला. तो कागदावर ठेवायचा की बांधीपर्यंत न्यायचा, हे आपल्या हातात आहे.

आणि आपल्या झाडीपट्टीला नाटकाची मोठी परंपरा आहे. जातीचं भूत उघडं पाडणारी कॉमेडी आपल्याच पोरांनी लिहावी. लोक हसतील, आणि अंधारात पिंपळाखालून न भिता घरी जातील.

जयभीम!