मेंदूचे रंगीत चित्र आणि माणसाचा आजार

‘द्विध्रुवी’ हा शब्द वाचला की तुम्हांला चुंबकपट्टी आठवणार. परंतु ‘द्विध्रुवी विकार’ नावाचा एक मानसिक आजारही आहे. त्यात मनाच्या दोन टोकांच्या अवस्था येतात. उन्मादाच्या अवस्थेत झोपेवाचूनही उत्साह उतू जातो, बोलणे भरधाव सुटते, खर्चाला धरबंध राहत नाही. विषादाच्या अवस्थेत अंथरुणातून उठणेही जड होते व कशातच रस उरत नाही. या अवस्था दिवसेंदिवस, कधी महिनेही टिकतात. सकाळी हसणे आणि संध्याकाळी रुसणे म्हणजे हा विकार नव्हे.

हल्ली या आजाराची माहिती देताना मेंदूची रंगीत चित्रे दाखवली जातात. लाल-पिवळे ठिपके पाहून ‘हाच तो आजार!’ असे वाटू लागते. माझे मत असे, की या चित्रांना भुलू नये आणि त्यांना थोतांडही म्हणू नये. ती कशी तयार होतात, ते आधी पाहू.

रक्तातील हीमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात. हे पाउलिंग आणि कोरिएल यांनी 1936 मध्ये दाखवले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजे रक्त अधिक येते. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पन्नास हजार पटींहून प्रबळ क्षेत्रात माणसाला निजवून हा फरक टिपता येतो. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही, भावनाही पाहत नाही. ते पाहते रक्तातील बदल, आणि तोही काही सेकंद उशिराने. चित्रातील रंग तर संगणकाने भरलेले असतात.

आता ‘जाळे’ म्हणजे काय? समजा, गावातील दोन दूरच्या घरांतले दिवे नेहमी एकदमच जातात आणि एकदमच येतात. ती एकाच तारेवर असावीत, असा तर्क तुम्ही कराल. 1995 मध्ये भरत बिस्वाल व सहकाऱ्यांनी स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांच्या मेंदूत असेच एकदम चढ-उतार होणारे भाग दाखवले. पुढे अशी अनेक जाळी ओळखली गेली. एक जाळे आपण स्वतःच्या विचारांत गुंगलो असताना अधिक जागे असते. दुसरे हालचाल व स्पर्श यांच्याशी निगडित आहे. 2016 मध्ये मार्तिनो आणि सहकाऱ्यांनी द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांत या दोहोंचा तोल तपासला. विषादात पारडे पहिल्या जाळ्याकडे, तर उन्मादात दुसऱ्याकडे झुकलेले आढळले. विषादात माणूस स्वतःतच रुतून बसतो व उन्मादात त्याचे हातपाय थांबत नाहीत, याच्याशी हे जुळते.

मग यंत्रात घालून निदान का करू नये? तुमच्याच वर्गाचे उदाहरण घ्या. दहावीतील मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा अधिक भरेल. पण केवळ ‘155 सेंटिमीटर’ एवढ्यावरून तो मुलगा की मुलगी, हे सांगता येईल काय? जाळ्यांतील फरकही असेच गटांच्या सरासरीचे आहेत. शिवाय त्यांतला काही भाग औषधांचा परिणाम असू शकतो. गणित सैल ठेवले तर काय होते, याचाही धडा आहे: 2009 मध्ये बेनेट व सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, आणि त्याच्याही मेंदूत ‘क्रिया’ दिसली!

यावर कोणी म्हणेल, यंत्रात दिसत नाही तर आजार मनाचा खेळच असणार. हा तर्क साफ चुकीचा आहे. डॉक्टर आजही रुग्णाची व घरच्यांची हकीकत ऐकून, महिनोन्‌महिन्यांचा क्रम जुळवून निदान करतात, आणि ते शास्त्रीयच असते. जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग 1949 मध्ये मांडला, तेव्हा अशी यंत्रे नव्हती. आवर्तसारणीतील तो तिसऱ्या क्रमांकाचा धातू. त्याचे क्षार वारंवार रक्ततपासणी करून आजही दिले जातात आणि अनेकांचा तोल सावरतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच: जाळ्यांचे संशोधन व्हावे, पण पुरावा म्हणून रंगीत चित्राची वाट पाहत कोणी बसू नये. तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात कोणाला असा त्रास होत असेल, तर त्याला ‘वेडा’ म्हणू नका, ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करू नका, मांत्रिकाकडेही नेऊ देऊ नका. मोठ्या माणसांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा 2022 मध्ये सुरू झाली आहे. तिचा क्रमांक 14416. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सूत्रांइतकाच तोही कधीतरी उपयोगी पडेल.